‘तुझा’ म्हण

“आज कशाची भीती?”

सकाळी साडेसहाला सिस्टर हॉलच्या पायरीवर बुटांच्या नाड्या आवळत बसलेल्या असायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला हा एकच प्रश्न विचारायच्या. ‘बरी आहेस का’ नाही, ‘चहा झाला का’ नाही. आणि उत्तर दिल्याशिवाय बॅट हातात मिळायची नाही.

आंबवड्याहून पहिल्या एसटीनं येणारी कमल रोज एकच सांगायची. “सुनंची.” कुणाला बीपीची, कुणाला लेकीच्या परीक्षेची. माझी पाळी आली की सिस्टर कपाळाला हात लावायच्या. “नलू, तुझं म्हंजे किराणा मालाची यादी गं बाई. एक सांग. आजच्यापुरती एकच.”

खरंच होतं ते. मी जन्माची भित्री. गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या रस्त्यातनं परत जाणारी. कुत्रं दिसलं की गल्ली बदलणारी. त्यात मोरीत घसरून मनगट मोडलं, आत स्टीलची पट्टी घातली, आणि तेव्हापासून तर मी घरातसुद्धा भिंतीला धरून चालायला लागले. बावन्नाव्या वर्षी! ब्लाऊज शिवायचा माझा धंदा, हात गेला तर पोट गेलं, ही धास्ती आणखी वेगळी.

“सिस्टर, तुमी सांगा की तुमची,” असं एकदा कमलनं विचारलं होतं.

“नर्सला इचारायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “नर्स टोचते. टोचून घेत न्हाई.”

सगळ्या हसल्या. मीही हसले.

सिस्टरांचं नाव शालन गायकवाड. वेल्ह्याच्या डोंगरात एका उपकेंद्रावर त्यांनी नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. तालुक्याचं नाव आता बदललंय, पण आमच्या तोंडात वेल्हंच बसलंय. पायी पायी वाड्या-वस्त्या केल्या, लशीची पेटी खांद्याला, ओढ्याला पाणी असलं की पेटी डोक्यावर. निवृत्त झाल्यावर भोरात दोन खोल्या बांधल्या आणि एकट्याच राहायला लागल्या. ठेंगण्या, हाडापेरानं मजबूत. चालायच्या अशा की एसटी सुटायला आलीय. घरातून निघताना बुद्धांच्या फोटोला हात जोडायच्या, दाराला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघायच्या, आणि मग दिवसभर दुसऱ्यांना म्हणायच्या, “कशाला एवढी काळजी करतीस?”

माझं माहेर राजगडाखालच्या पालीजवळचं. त्यांच्याच उपकेंद्राच्या हद्दीतलं. माझी लेक त्यांच्याच हातावर झाली. तेव्हा पाहिलेली एक गोष्ट सांगते, म्हणजे बाई कशी होती ते कळेल.

आमच्या गावात एक पैलवान होता. जत्रेत भल्याभल्यांना आस्मान दाखवणारा. त्याच्या पायात खिळा घुसला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायची वेळ आली, तेव्हा गडी जाऊन गोठ्यात म्हशीच्या मागं लपला. सगळं गाव गोळा झालं. कुणी हसतंय, कुणी ओढतंय. सिस्टर आल्या, सगळ्यांना बाहेर काढलं आणि म्हशीच्या अलीकडं उकिडव्या बसून विचारलं, “पैलवान, सुईची भीती का दुखण्याची?”

पैलवान विचारात पडला. एवढा फरक त्याला कुणी कधी विचारलाच नव्हता. “सुईची,” तो म्हणाला.

“मग सोपं हाय. सुई बगूच नका. म्हशीकडं बगा.”

झालं. म्हशीकडं बघत पैलवानानं इंजेक्शन घेतलं.

“सुईची भीती येगळी, दुखण्याची येगळी. आदी कुठली हाय ती ठरव.” हे त्यांचं वाक्य पुढं आम्ही हॉलमध्ये शंभरदा ऐकलं.

आता हा खेळ भोरात कसा आला तेही सांगायला पाहिजे. सिस्टरांचा मुलगा संजय पुण्यात, सातव्या मजल्यावर. त्याच्याकडं पंधरा दिवस राहायला गेल्या आणि दोन दिवसांत कंटाळल्या. तिसऱ्या दिवशी खाली उतरल्या तर सोसायटीतल्या बाया सकाळी आखलेल्या जागेत लाकडी फळ्यांसारख्या बॅटी घेऊन भोकाभोकाचा प्लॅस्टिकचा चेंडू टोलवत होत्या. धड बॅडमिंटन नाही, धड टेनिस नाही. चेंडू हळू येतो, जागा लहान, चार जणी मिळून खेळायचं. सिस्टर अर्धा तास उभ्या राहिल्या आणि मग न विचारता आत शिरल्या. परत आल्या तेव्हा तांदळाच्या पिशवीत चार जुन्या बॅटी आणि दोन चेंडू होते.

आमच्या गल्लीतल्या मंडळाचा पत्र्याचा हॉल. बारशी, हळदी आणि वर्षातून एकदा पूजा, एवढाच त्याचा उपयोग. तो सकाळचा एक तास बायांच्या विरंगुळ्यासाठी मिळावा म्हणून सिस्टरांनी अर्ज दिला. मंडळाचे अण्णा चष्मा चढवून वाचायला लागले. “पि-कल-बॉल. पिकल म्हंजे लोणचं ना हो?” ते म्हणाले. “मग लोणचं घालायला एवढा हॉल कशाला? आणि त्याचे बॉल करून कोण खाणार?”

हॉल मिळाला, पण नाव जायचं ते गेलंच. आम्ही ‘लोणच्याच्या बाया’. बाजारात एक जण मला गंभीरपणे विचारत होता, “कैरीचंच हाय का मिरचीचंबी करता?”

जाळी म्हणून रोपवाटिकेतली हिरवी शेडनेट दोन खुर्च्यांना बांधली. फरशीवर लाल चिकटपट्टीनं रेघा मारल्या. जाळीच्या दोन्ही अंगाला एक पट्टा असतो, तिथं उभं राहून चेंडू वरच्यावर मारायचा नाही, टप्पा पडू द्यायचा. त्या पट्ट्याला किचन म्हणतात. सिस्टरांनी त्याचं ‘चूल’ केलं. “चुलीत जाऊ नगा! जलमभर चुलीतच हायसा, हितं तरी भाईर थांबा!” आणि कमलचे सगळे गुण तिथंच जायचे. “काय करू सिस्टर,” ती म्हणायची, “चूल दिसली की पाय आपसूक वळत्यात.”

पहिल्या दिवशी माझ्याकडं चेंडू आला तेव्हा मी डोळे घट्ट मिटून खाली बसले. टॉक करून तो मागच्या भिंतीवर आपटला. कुणी हसलं नाही, कारण सिस्टरांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं होतं. मग त्या माझ्यापाशी आल्या.

“डोळं मिटल्यावर चेंडू थांबतोय व्हय?”

“नाही.”

“मग उगड की. लागला तर लागल, पण कुठनं आला ते तरी दिसल.”

पुढं हे वाक्य मला किती वेळा आठवलं असेल, देव जाणे.

माझी भीती कमी झाली असं मी म्हणणार नाही, पण तिला वळण लागलं. दोन महिन्यांत मी चेंडू परतवायला लागले. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

जोडीनं खेळताना चेंडू दोघींच्या मधोमध आला की एकीनं ओरडायचं असतं, ‘माझा’ नाहीतर ‘तुझा’. आणि आमच्या बाया पडल्या संसारी, रीतभात जाणणाऱ्या. चेंडू मधून आला की दोघी थांबायच्या. “घ्या की तुम्ही.” “नाही नाही, तुम्हीच घ्या.” चहाच्या शेवटच्या कपासारखा चेंडू तसाच दोघींच्या मधून निघून जायचा. सिस्टर डोकं धरायच्या. “अगं हळदी-कुंकवाला आलायसा का? लायनीच्या आत अहो-जाहो बंद! हितं समद्या ‘तू’. मीबी ‘तू’. ‘तुझा’ म्हणायचं. ‘तुमचा’ म्हणस्तोवर चेंडू घरी जातोय.”

कमलला काय, तेच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवसापासून, “शालने, तुझा!” मला मात्र जमेना. जीभच वळायची नाही. मी ‘तु’ म्हणायची, मध्येच अडखळायची, आणि ‘मचा’ बाहेर पडायचं. सिस्टर चिडायच्या. “तुला काय जड जातंय का गं ‘तुझा’ म्हणाया?”

कारण होतं. मी कधी बोलले नव्हते, पण होतं.

सिस्टर माझ्या माहेरच्या गावात पहिल्यांदा आल्या तेव्हा ऐन विशीतल्या होत्या. गायकवाड म्हटल्यावर लोकांनी आधी घर कुठलं ते विचारून घेतलं आणि मग बोलायची पद्धत ठरवली. म्हातारी माणसं तर राहू द्या, मिसरूड न फुटलेली पोरंसुद्धा “ए शालन, हिकडं ये” म्हणायची. त्यांच्या हातची गोळी चालायची, त्यांच्या घरचं पाणी चालायचं नाही. माझी आई अडाणी, पण तिनं मला दारात उभं करून सांगितलं होतं, “त्यांना अहो म्हणायचं. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. आपल्या घरात अहो.” आणि ओट्यावर बसवून त्यांना कपबशीतनं चहा दिला होता. आमच्याच कपबशीतनं.

असलं ‘अहो’ असं चेंडूपायी कसं टाकायचं? हे मी शेवटी एकदा त्यांना सांगितलं.

“तुझ्या आयचा त्यो चहा म्या इसरले न्हाई,” त्या म्हणाल्या. “पण नलू, त्यांचं ‘तू’ येगळं हुतं, ह्ये येगळं. ह्ये म्या मागून घेतलंय.”

मला पटलं. तरी जिभेला पटलं नाही.

मग ती मापाची गोष्ट. सिस्टरांना खेळायला नवा कुर्ता पाहिजे होता. मी माप घ्यायला बाही वर केली आणि हातातली टेप तशीच राहिली. डाव्या दंडावर काळे-निळे डाग. खांद्यावर एक, कोपराशी दोन, काही जुने पिवळे पडलेले. उजवा हात स्वच्छ. पहिल्यांदा मनात नको ते आलं, की कुणी हात उचलतंय काय. पण बाई एकटी राहते.

“काय झालं हे?”

“दार लागलं.”

दार एवढ्या वेळा? मी उठले. चहा केला आणि नेहमीसारखा त्यांच्या शेजारी ठेवला, डाव्या हाताला. त्या बोलता बोलता वळल्या आणि कोपरानं कप उडवला. कप अगदी डोळ्यांदेखत होता. चहा माझ्या कापलेल्या कापडावर सांडला, आणि त्या कपाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मला दिसलं का, हे बघायला.

मी दुसरा कप आणला. मुद्दाम पुन्हा डावीकडं ठेवला, अगदी हळू, आवाज न करता. त्यांना तो दिसला नाही.

“काचबिंदू,” त्या शेवटी म्हणाल्या. “डावा गेला. पार. उजव्यालाबी कडंनं लागलाय. थेंब घालते.”

“संजयला माहीत आहे?”

“न्हाई. आन् तू सांगायचं न्हाई. कळलं की उचलून न्हील सातव्या मजल्यावर. तितं मला कुणी सिस्टर म्हणत न्हाई, नलू. तितं मी म्हातारी. हिकडनं तिकडं हाताला धरून न्हेत्यात.”

ज्या बाईनं डोंगरातल्या म्हाताऱ्या गोळा करून डोळ्यांच्या शिबिराला नेल्या, ती स्वतःच्या डोळ्यासाठी डॉक्टरकडं एकदा जाऊन आली ती परत गेलीच नव्हती. रागही आला आणि रडूही. मी शपथ घेतली नाही आणि मोडलीही नाही. नुसती मान हलवली. आयुष्यभर मी तेच केलंय.

त्या दिवसापासून माझी किराणा यादी बंद झाली. एकच भीती उरली आणि ती पायरीवर बसून बोलता येत नव्हती. सकाळी त्या विचारायच्या, “आज कशाची भीती?” आणि मी काहीतरी खोटं सांगायची. पालीची, मांजराची. त्या ऐकून घ्यायच्या.

त्यांनी मला जोडीला घेतलं. “तू माझ्या डाव्या अंगाला ऱ्हा. सर्व्हिस झाली की पळून डावीकडं ये. नेमात बसतंय.” डावी बाजू माझी, उजवी त्यांची. चेंडू मधून आला की मी ओरडायचं. ‘माझा’ म्हटलं तर मी घेणार. ‘तुझा’ म्हटलं तर त्या सगळी मान वळवून घेणार. बाकीच्या बायांना वाटायचं, काय जोडी जमलीय दोघींची! मला रोज घाम फुटायचा. ‘माझा’ मी खणखणीत म्हणायची, त्यामुळं झेपत नसलेले चेंडूसुद्धा मीच घ्यायची. ‘तुझा’ची वेळच येऊ नये म्हणून.

एकदा सिस्टरांनी खेळ थांबवून विचारलं, “समदे तूच घेणार हायस का? मग मला हितं कशाला उभी केलीस, तोरणाला?”

आणि मग वेल्ह्याहून निरोप आला. तिथल्या शाळेतल्या एका मॅडमनी आमचं बघून तिकडंही बायांचा गट जमवला होता. रविवारी या, दोन्हीकडच्या खेळू, वरण-भात खाऊ. स्पर्धा कसली, चार जोड्यांचा खेळ. पण सिस्टरांना वेल्ह्याला जायचं म्हणजे उभ्या नोकरीच्या गावाला जायचं. त्यांनी नवा कुर्ता घातला, केसांना तेल लावलं, आणि माझ्यासमोर आपली जुनी स्कुटी काढली.

“एसटीनं जाऊ की, कमल आणि बाकीच्या तशाच गेल्यात,” मी म्हटलं.

“बस मागं.”

बसले. का बसले, हे मला अजून कळत नाही. कापूरहोळपर्यंत मी डोळे मिटले नाहीत. “डावीकडनं सायकल. डावीकडं पोरं. डावीकडनं टेम्पो येतोय, टेम्पो, टेम्पो!” माझं हे देवाचं नाव घेतल्यासारखं सुरू. हायवे सोडून नसरापूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. मार्गासनीच्या अलीकडं डाव्या बांधावरनं एक म्हैस सरळ रस्त्यावर उतरली. मी म्हणायला गेले, “अहो सिस्टर, जरा ते...” आणि तेवढ्यात स्कुटी तिच्या शेपटीला घासून कडेच्या गवतात जाऊन उभी राहिली.

लागलं कुणालाच नाही. म्हैस निघून गेली. सिस्टर दोन्ही हातांनी हँडल धरून तशाच बसल्या होत्या.

“इचार मला,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“रोज म्या तुमाला इचारते त्ये.”

“आज कशाची भीती, सिस्टर?”

“अंधाराची न्हाई,” त्या समोर बघत म्हणाल्या. “डोंगरात अंधार लई बगितला. मला भीती वाटती ती आज लोक माझी वाट बगत्यात, उद्या मला वाट दावतील, ह्याची. लई वाटती, नलू. सकाळी उटल्यावर आदी उजवा डोळा उगडते आन् बगते, पंखा दिसतोय का. दिसला की मग हॉलवर येते.”

स्कुटी तिथल्या एका दुकानात ठेवली आणि उरलेला रस्ता एसटीनं गेलो. परत फिरू, असं मी म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही.

वेल्ह्यात बायांनी त्यांना घेरलं. “सिस्टर, ह्यो बगा तुमच्या हातावरचा, आता ह्यालाबी पोरगी झाली.” सिस्टर प्रत्येकीकडं सगळी मान वळवून बघत होत्या. लोकांना वाटलं केवढी माया. माया होतीच.

शाळेच्या मोकळ्या शेडमध्ये जाळी बांधली होती. आमची जोडी तिसरी. सुरुवात झक्क झाली. सिस्टरांच्या एका टोल्यावर तर टाळ्या पडल्या. मग समोरच्या तरण्या बाईनं जोरात मारला. चेंडू सरळ दोघींच्या मधून, सिस्टरांच्या डाव्या खांद्याच्या रोखानं. मी फार लांब होते. ‘माझा’ म्हणायची सोय नव्हती. त्या वाट बघत होत्या माझ्या आवाजाची, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

“तु...” मी म्हटलं. आणि जीभ अडली. आईचा ओटा, कपबशी, सगळं त्या एका क्षणात मध्ये आलं. “...मचा!”

त्यांनी मान वळवली. उशिरा. वळवलेल्या तोंडावर, उजव्या डोळ्यावर चेंडू बसला.

आवाज फार झाला नाही. बॅट पडली, त्याचाच झाला. त्या हळूच खाली बसल्या, दोन्ही हात पुढं करून काहीतरी चाचपडायला लागल्या. मी पळत जाऊन हात धरले.

“नलू,” त्यांनी अगदी हळू विचारलं, “लाईट गेली का गं?”

उघडी शेड. अकराचं ऊन. समोर राजगड स्वच्छ दिसत होता.

अशी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. माझ्या सगळ्या आयुष्याच्या भीत्या एका पारड्यात टाकल्या तरी ती जड होईल. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. कमल सांगते की मी म्हटलं, “व्हय, गेलीया, येईल आता.” त्यांनी मान डोलावली आणि माझा हात एवढा दाबला की मनगटातली जुनी पट्टी ठणकली.

शाळेच्या मॅडमच्या गाडीतनं पुण्याला नेलं. वाटेत त्यांना धूसर उजेड दिसायला लागला. “लाल दिसतंय,” म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “तुझी साडी हिरवी हाय का?” होती. मी गाडीत हमसून रडले.

दवाखान्यात संजय धावत आला. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यात आत रक्त उतरलंय, दाब वाढलाय, पण वाचवता येईल. आणि मग सहज विचारल्यासारखं, “डावा कधीपासून गेलाय?”

संजय आईकडं बघायला लागला. आई भिंतीकडं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. “मावशी, तुम्हाला माहीत होतं?”

मी मान खाली घातली. तो एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

उजवा डोळा वाचला. सगळा नाही, मधला भाग. सिस्टर परत भोरला आल्या त्या सामान आवरायलाच. मी दोन दिवस तोंड लपवून घरात बसले. तिसऱ्या दिवशी त्याच आल्या, कमलचा हात धरून. माझ्या मशीनपाशी बसल्या.

“तुझ्यामुळं न्हाई,” त्या म्हणाल्या.

“माझ्यामुळंच. दोन अक्षरं म्हणायची होती, मी तीन म्हटली.”

“आन् म्या दोन वर्सं डाक्टरकडं गेले न्हाई, ती कुणी मोजायची?” त्या थोडं थांबल्या. “डोळं मिटून बसले, नलू. तुला शिकवलं आन् सोता मिटून बसले.”

मी चहा ठेवला, उजवीकडं. त्यांनी तो पूर्ण प्यायला.

निघायच्या दिवशी आम्ही सगळ्या हॉलच्या दारात थांबलो होतो. कमलनं आवळ्याच्या लोणच्याची बरणी आणली होती. “लोणच्याच्या बाया म्हणत्यात ना, मग ह्येच देऊ.” संजय आधी खोल्यांना कुलूप लावून, सामान घालून, मग गाडी हॉलवरनं नेणार होता. गाडी आली. रस्त्यात मागं टेम्पो अडकला होता, हॉर्न वाजवत होता, त्यामुळं संजय पुरता थांबलाच नाही, गाडी हळूहळू पुढं सरकत राहिली. सिस्टर पुढच्या सीटवर, खिडकीशी. खिडकीची काच खाली होती.

आम्ही हात हलवले. कमलनं बॅट वर धरली. सिस्टर सरळ समोर बघत होत्या.

पुढच्या सीटची खिडकी म्हणजे डावी बाजू. आम्ही सगळ्या डावीकडं उभ्या. त्यांना आमच्यातलं कुणी दिसत नव्हतं. काळा चष्मा, मांडीवर पिशवी, दोन्ही हात तिच्यावर ठेवलेले. हॉर्नच्या आवाजात बायांचे आवाज बुडत होते. त्यांच्या लेखी हॉलच्या दारात कुणीच आलेलं नव्हतं. रोज सकाळी ज्यांना विचारलं, आज कशाची भीती, त्यातली एकही निरोपाला नाही, असं मनात घेऊन बाई सातव्या मजल्यावर जाणार.

“अहो सि...” माझं तोंड उघडलं आणि गाडी आणखी दोन हात पुढं गेली.

“शालन!” मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं की अण्णा आतनं बाहेर आले. “ए शालन! डावीकडं बघ! डावीकडं!”

सगळी मान वळली. चष्म्याखालचं तोंड आधी नुसतंच उघडलं, मग मी कुठं आहे ते तिला सापडलं.

“आत्ता म्हणलीस व्हय गं!” ती हसायला लागली. मांडीवरच्या पिशवीत हात घातला, पिवळा चेंडू काढला, आणि संजय “आई, अगं काय” म्हणेपर्यंत तो खिडकीतून माझ्याकडं फेकला.

“तुझा!” शालन ओरडली.